हळद आधी

"'चालते व्हा माझ्या घरातून!' असं म्हणायचं आणि दाराकडे बोट दाखवायचं," आगाशे सर म्हणाले. "आवाज इतका चढवा की शेवटच्या रांगेतला माणूस दचकला पाहिजे."

तालमीचा माझा पहिलाच दिवस होता. हातात संवादांचे कागद होते आणि समोर नलिनीताई खरे डोक्यावर पदर घेऊन, खांदे पाडून उभ्या होत्या. नलिनीताई म्हणजे आमच्या मधुमालती सोसायटीच्या अध्यक्षांच्या पत्नी. नाटकात मात्र त्या सखू नावाची दलित बाई झाल्या होत्या. सखूला सोसायटीत ब्लॉक विकत घ्यायचा असतो आणि त्यासाठी ती अध्यक्षीणबाईंना भेटायला येते. अध्यक्षीणबाई मी.

"सर, असं कुणी म्हणत नाही," मी म्हणाले.

"कसं?"

"चालते व्हा. असं तोंडावर कुणीच म्हणत नाही. आधी बसा म्हणतात, पंखा लावतात, चहा टाकतात. मुलं कितवीत आहेत विचारतात, हुशार दिसतात म्हणतात. मग म्हणतात, 'आमचं काही नाही हो, आम्ही असलं काही मानतच नाही. पण बाकीच्यांचं कसं असतं तुम्हाला ठाऊक आहे. उगाच तुम्हालाच इथे करमायचं नाही.' आणि लगेच विचारतात, 'साखर बरोबर आहे ना चहात?'"

आगाशे सर खुर्चीवरून उठलेच. "बाई, हे कुठून आणलंत तुम्ही?"

"बघितलंय," मी म्हणाले.

ते खरंच होतं. त्या चहाच्या वेळी मी टेबलाच्या कुठल्या बाजूला बसले होते ते त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

ही नाशिकची गोष्ट, पंचवीसएक वर्षं झाली असतील. जाधव हे महाराष्ट्रातलं फार सोयीचं आडनाव आहे. जाधव कुणीही असू शकतो, आणि ऐकणारा आपल्याला हवं ते धरून चालतो. आम्ही मधुमालतीत भाड्याने राहायला आलो तेव्हा आगाशे सरांनी विचारलं होतं, "जाधव म्हणजे सिंदखेडराजाचे का?" सर कॉलेजात मराठी शिकवायचे आणि सोसायटीचे सेक्रेटरीही होते. माझा नवरा यशवंत म्हणाला, "नाही, आम्ही येवल्याकडचे." सरांनी समाधानाने मान डोलावली आणि उभ्या उभ्या आम्हाला मराठा करून टाकलं. आम्ही बौद्ध, आजोबांच्या पिढीपर्यंत महार. यशवंतचा नियम ठरलेला होता. कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि न विचारता खरं सांगत फिरायचं नाही. तो टेलिफोन खात्यात होता, नियमांवर त्याचा भारी विश्वास. बाबासाहेबांचा फोटो आमच्या आतल्या खोलीत होता आणि बुद्धाची मूर्ती बाहेरच्या. मूर्ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना शोभेची वाटायची. "छान आहे हो, कुठून घेतलीत?" असं नलिनीताईंनीही विचारलं होतं.

आमच्या ब्लॉकचा मालक बडोद्याला होता. त्याला ब्लॉक विकायचा होता आणि तो आम्हालाच द्यायला तयार होता. म्हणाला, दिवाळीपर्यंत तुमच्यासाठी थांबतो, सोसायटीची ना-हरकत तेवढी आणा. आमचा अर्ज कमिटीपुढे होता.

त्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी होती. हसू नका. माझं लहानपण ज्या खोलीत गेलं तिथे चूल, न्हाणी आणि वडिलांची खाट एकाच भिंतीला लागून होती, आणि त्या भिंतीपलीकडे नाला. इथे ओट्याशी पोळ्या लाटताना समोर शिरीष दिसायचा. सकाळी पोळपाटावर ऊन यायचं. मला ते घर हवं होतं, अगदी लाज सोडून हवं होतं. आणि सेक्रेटरीच म्हणाले की, "वहिनी, तुमचा आवाज खणखणीत आहे, एकांकिका बसवतोय, कामाला या," तेव्हा मी एका पायावर तयार झाले. चार लोकांत मिसळलेलं बरं, असा हिशेब.

एकांकिकेचं नाव 'रिकामा ब्लॉक'. सरांनीच लिहिली होती, एका स्पर्धेच्या शहरातल्या फेरीसाठी. जातीपायी घर न मिळणाऱ्या कुटुंबाची कहाणी. लिहिताना ते रडले होते, असं त्यांनी आम्हाला दोनदा सांगितलं. माझ्या त्या चहाने मात्र त्यांचं सगळं नाटक फिरलं. आता त्यांना खरं हवं होतं. एका संध्याकाळी त्यांनी सोसायटीतल्या सगळ्या नटनट्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, "कागद बाजूला ठेवा. समजा, खरोखरच असं कुणी आपल्याकडे घर मागायला आलं, तर काय म्हणाल? मनातलं बोला. संकोच नको, नाटकच आहे."

पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. मग एकीने सुरुवात केली आणि बघता बघता अशी काही रंगत चढली की ज्याचं नाव ते. एक म्हणाली, जिन्यात वास येईल. दुसरी म्हणाली, पाहुणे किती येतील याचा नेम नाही. कुणी चौदा एप्रिलचं काढलं, कुणी ब्लॉकचे भाव पडतील म्हणालं. नलिनीताई सगळ्यांत जोरात होत्या. "एकाला दिलं की रांग लागते. आणि आपली मुलं त्यांच्या मुलांत खेळणार. उद्या मोठी झाली म्हणजे?" एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. "अगंबाई! मी तर सखू आहे!"

सगळे पोट धरधरून हसले. मीही हसले.

"वा! हेच हवं होतं मला," सर म्हणाले, आणि ते भराभर टिपून घेत होते.

शेवट मात्र त्यांनी बदलला नाही. शेवटी अध्यक्षीणबाईंचं मन पालटतं आणि त्या सखूची ओटी भरून तिला नव्या घरात नेतात. मी म्हणून बघितलं, "सर, सखू बौद्ध असेल तर? त्या लोकांत ओटी भरत नाहीत."

"नसतील भरत. पण प्रेक्षकाला ओटी कळते," सर म्हणाले. विषय संपला.

ओटीची तालीम काही कधी झाली नाही. बायकांनीच करू दिली नाही. खोटी खोटी ओटी भरू नये, अपशकुन होतो; काय ती प्रयोगाच्या दिवशी एकदाच, नीट भरा. त्यामुळे रोज त्या जागी सर नुसतं म्हणायचे, "इथे ओटी," की आम्ही पुढचं वाक्य घ्यायचो. मला बरंच वाटायचं. मी जन्मात कुणाची ओटी भरली नव्हती. माझ्या आजीने छप्पन साली देव नदीत सोडले तेव्हा कुंकवाचा करंडाही त्यांच्याबरोबर सोडला. आईच्या लग्नात ओटी नव्हती, माझ्याही नव्हती. सोसायटीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी दरवर्षी काहीतरी सबब काढून आईकडे पळायचे. ओटीत काय एवढं असतं, असं मी धरून चालले.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. पुढच्या तीन रांगांत आमची सोसायटी, नटूनथटून. नाटक चढत गेलं. माझ्या चहाच्या प्रवेशाला पहिल्यांदा लोक हसले आणि 'साखर बरोबर आहे ना?' म्हटल्यावर एकदम गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं मुकाट्याने माझं ऐकत होती, आणि तेही मी त्यांच्याच तोंडची वाक्यं म्हणत असताना. मला भारी मजा येत होती, हे खोटं कशाला सांगू?

मग शेवट आला. कुणीतरी विंगेतून माझ्या हातात तबक दिलं. नलिनीताईंनी पदर पसरला. त्यांना सखू करण्यासाठी रंगभूषाकाराने काळाकुट्ट रंग फासला होता, त्यात त्यांचे डोळे चमकत होते. मी करंडा उघडला आणि त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं.

नलिनीताई दचकल्या. ओठ न हलवता म्हणाल्या, "अहो, हळद आधी!"

मी घाईघाईने हळद लावली. मग नारळ उचलला.

"शेंडी इकडे. फिरवा, फिरवा."

मी नारळ फिरवला, तो इतका फिरवला की शेंडी परत माझ्याकडेच आली. तसाच त्यांच्या पदरात टाकला. त्यावर तांदूळ. मागच्या रांगांतून हुंदके ऐकू येत होते. पुढच्या तीन रांगांतली एकही बाई रडत नव्हती. त्या सगळ्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

आमच्या एकांकिकेची पुण्याच्या अंतिम फेरीसाठी निवड झाली आणि अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं. निकाल सांगताना परीक्षक म्हणाले की अध्यक्षीणबाई अस्सल होत्या. सरांनी सगळ्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नलिनीताई जिन्यात भेटल्या. पेढ्याचं, बक्षिसाचं बोलून झालं. मग म्हणाल्या, "तुमच्यात हळद मागाहून लावतात का हो?"

"आमच्यात लावतच नाहीत."

"म्हणजे?"

आता त्यांनी विचारलं होतं, आणि सांगणं यशवंतच्या नियमात बसत होतं. "आम्ही बौद्ध," मी म्हणाले.

नलिनीताईंनी कठडा धरला आणि लगेच सोडला. "अस्सं. मग आधी नाही का सांगायचं? आम्ही काही मनात आणलं नसतं." आणि भाजीची पिशवी घेऊन त्या खाली गेल्या.

चार दिवसांनी त्यांनी मला घरी चहाला बोलावलं. पंखा लावला. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. "चुणचुणीत आहे हो," त्या म्हणाल्या. माझ्या अभिनयाचं कौतुक केलं, थोडं जास्तच. मग कप खाली ठेवला, साडीचा काठ सारखा केला आणि बोलायला लागल्या.

"आमचं काही नाही हो वैशालीताई. आमचे हे तर म्हणत होते, देऊन टाकू ना-हरकत. पण बाकीच्यांचं कसं असतं... तुम्ही तर सगळं जाणता. उगाच तुमच्याच मुलीला त्रास."

जिथे मी थांबायचे तिथेच त्या थांबल्या. नजर खिडकीकडे न्यायची, उसासा टाकायचा आणि मग हलकेच परत वळायचं, हे सगळं माझंच. रोज समोर उभं राहून बाईने माझी भूमिका तोंडपाठ केली होती. मला राग यायला हवा होता, पण आधी मनात आलं ते हेच, की हिने किती छान उचललंय.

"घ्या ना चहा," त्या म्हणाल्या. "निवतोय."

त्या संध्याकाळी आगाशे सर आमच्याकडे आले. त्यांचा चेहरा पडला होता. "मला लाज वाटते," ते म्हणाले, आणि मला वाटतं, त्यांना खरंच वाटत होती. "पण वहिनी, नकार नाहीये. विषय पुढे ढकललाय, एवढंच. पुण्याची फेरी होऊ द्या. सगळे खुशीत असले की मी स्वतः विषय मांडतो. माझा शब्द."

"मालक दिवाळीपर्यंतच थांबणार आहे," यशवंत म्हणाला.

"फेरी दिवाळीच्या आधी आहे. फक्त..." सरांनी चष्मा काढला. "फक्त पात्रांची थोडी अदलाबदल करावी म्हणतो. अध्यक्षीणबाई नलिनीताई करतील. सखू तुम्ही करा."

"का सर? माझ्या कामाला बक्षीस मिळालंय ना?"

"मिळालंय, मिळालंय. पण आता सगळ्यांना कळलंय. पुण्याला आपले लोक बस करून येणार. आता त्या भूमिकेत तुम्ही त्यांना खऱ्या नाही वाटणार. आणि सखूची कशी, तुम्हाला जाण आहे. अभिनय करावाच लागणार नाही."

ते गेल्यावर यशवंत म्हणाला, "जायचं नाही."

"आणि घर?"

"घर गेलं, वैशाली."

"सरांनी शब्द दिलाय."

"सर सेक्रेटरी आहेत. विषय पुढे ढकलायला कमिटीला कुणी सांगितलं असेल?"

मला ते कळत नव्हतं असं नाही. पण सकाळी ओट्याशी उभी राहिले, पोळपाटावर ऊन पडलं, आणि मी सरांना हो म्हणून आले. यशवंत माझ्याशी धड बोलेना.

पुण्याला रंगभूषाकार माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बाई गोऱ्या आहेत, दोन हात द्यावे लागतील." त्याने दोन हात दिले. सर सारखे येऊन सांगत होते, "जरा वाका. खांदे पाडा. नजर खाली." मी हो हो म्हटलं. पण रंगमंचावर गेले आणि मला ते जमलं नाही. माझी आई नगरपालिकेच्या दवाखान्यात आया होती. घर बघायला जायची तेव्हा धुतलेलं पातळ नेसून, मान ताठ ठेवून जायची, आणि नकार ऐकताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. मी तशी उभी राहिले. मला दुसरी सखू ठाऊक नव्हती.

नलिनीताईंनी चहाचा प्रवेश सुरेख केला. शेवटी ओटीही बिनचूक भरली. हळद आधी, मग कुंकू, नारळाची शेंडी माझ्याकडे. तांदूळ मात्र त्यांनी हात उंच धरून वरून सोडले, बोटं पदराला लागणार नाहीत अशा बेताने. अर्धे खाली सांडले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

अभिनयाचं बक्षीस नलिनीताईंना मिळालं.

आम्ही आत तोंडं पुसत होतो, तेवढ्यात परीक्षक स्वतः भेटायला आले. पांढरा झब्बा, पांढरे केस, बोलणं अगदी मायेचं. सगळ्यांची विचारपूस केली, सरांची पाठ थोपटली आणि मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या तोंडावरचा रंग अर्धाच निघाला होता.

"बाई, रागावू नका, वडीलधारा म्हणून सांगतो. नाटकात तेवढी एक तुमची सखू पटली नाही. ती दलित वाटतच नाही. या बायका अशा ताठ उभ्या राहत नाहीत, डोळ्याला डोळा देऊन बोलत नाहीत. तुम्ही चांगल्या घरातल्या दिसता, तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुमचा दोष नाही. अभ्यास कमी पडला."

खोलीत आमच्या सोसायटीची सात-आठ माणसं होती. सगळ्यांना माहीत होतं. एकाने तोंड उघडायचं, बस. मी एकेकाकडे बघितलं. नलिनीताई आरशात बघून गजरा सोडवायला लागल्या, बक्षिसाची ढाल त्यांच्या मांडीवर होती. त्यांचे यजमान, अध्यक्ष खरे, बुटाची लेस बांधायला खाली वाकले. मी आगाशे सरांकडे बघत राहिले. त्यांच्याकडे मात्र मी बराच वेळ बघितलं, कारण मला अजून घर हवं होतं.

"बरोबर आहे सर तुमचं," आगाशे सर परीक्षकांना म्हणाले. "मी सांगत होतो त्यांना, जरा वाका म्हणून."

तेव्हा कुठे मला समजलं की घर गेलं. रडू नाही आलं. अंगातून काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि एकदम हलकं वाटलं.

परीक्षकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मी सांगतो, एक करा. त्यांच्या वस्तीत जा. नुसतं लांबून बघून भागत नाही. चार दिवस राहा त्यांच्यात."

"हो सर," मी म्हणाले. "आता तिथेच घर बघणार आहे."

त्यांचे डोळे भरून आले. "बघा," ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "कलेची तळमळ म्हणतात ती ही. शिका काहीतरी यांच्याकडून!"

आणि आमच्या सोसायटीतल्या सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.